झबल्याचा झ

सचिन हल्ली आईशी गोड बोलायला लागला होता, आणि बायडाबाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं.

पन्नाशीला टेकलेला मुलगा. जन्मापासून तिरकं बोलणारा. चहा हवा असला तर "आज साखर संपली वाटतं घरातली" असं म्हणणारा. आणि आता? "आई, उशी मऊ आहे ना?" "आई, एसी कमी करू का?" "आई, खजूर खाल्लास का?" कामावरून आला की नुसता मागंपुढं. या वयात मुलगा सुधारत नसतो हे बायडाबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे काहीतरी लपवत होता.

"राजश्री, तुज्या नवऱ्याचं लक्षण काय मला बरं दिसंना," मेथी निवडणाऱ्या सुनेला त्या म्हणाल्या. "एवढा गोड त्यो एकदाच बोलला हुता. सहामाईला गणितात नापास झाला तवा. निकालाचा कागद तीन दिस चड्डीच्या खिशात, आन ह्यो आपला माजं पाय चेपतोय!"

"तसं काही नाही हो, आत्याबाई," राजश्री म्हणाली. पण बोलता बोलता तिनं काडी पानांत टाकली आणि पानं काड्यांत. बायडाबाईंनी ते बघून ठेवलं.

माण तालुक्यातून कतारमधल्या मेसईदला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. सचिन इथल्या खताच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होता. आधी फिटर, आता सुपरवायझर. कंपनीचं बैठं घर, दारात बोगनवेल, रस्त्यापलीकडं वाळू आणि लांबवर कारखान्याच्या धुराड्यावर दिवसाउजेडीही जळणारी ज्योत. घरात माणसं तीन. त्यातलं ज्याच्यापायी काही लपवावं असं माणूस एकच होतं, त्यांची नात. अनुजा.

अनुजा बर्फावर पळायची.

गावात बायडाबाई असंच सांगायच्या. पायाला दोन लांब सडक पट्ट्या, हातात दोन काठ्या, आणि दहा किलोमीटर बर्फ. डोंगरावरून घसरत खाली येतात ते वेगळं. ते कुणालाही जमेल, वजन असलं म्हणजे झालं. ही सपाटीला पळते, चढाला पळते, छाती फुटेस्तोवर पळते. देशात तीनदा पहिली आली होती. गावातल्या एकीनं नाक मुरडून विचारलं होतं, "वाळवंटात राहून बर्फ कुठला गं?" बायडाबाईंनी तिथल्या तिथं सांगितलं, "तुमच्या घरात तरी अक्कल कुठं हाय? तरी पोरं शाळंत जात्यातच की."

पोरगी दोन वर्षांची असताना इथं आली, वाढली इथंच. कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि एनसीसीच्या कॅम्पातून हिमाचलात पोचली. तिथं पहिल्यांदा पायाला त्या पट्ट्या बांधल्या. बाकीच्या मुली धडाधड पडत होत्या, ही पडली आणि उठून पुढंच गेली. शिकवणाऱ्या सुभेदारानं संध्याकाळी विचारलं, बेटी, कहाँ की हो? कतार म्हटल्यावर त्याला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. त्याला आता नऊ वर्षं झाली. हिवाळ्यात बर्फ, बाकीचं वर्ष हे वाळवंट. इथं ती पायाला चाकांच्या पट्ट्या लावून पहाटे कंपनीच्या रस्त्यावर पळायची, काठ्यांचा डांबरावर टक टक आवाज करत. कामगारांची बस चालवणारा इकबाल तिच्या मागं आला की भोंगा न वाजवता दिवे लुकलुकवत सावकाश यायचा, आणि पुढं गेल्यावर खिडकीतून ओरडायचा, "यल्ला, चॅम्पियन! चलो!" बसमधली माणसं झोपेतून उठून हात हलवायची.

आता फेब्रुवारीत हिमाचलात निवड चाचणी होती. त्यातून वर्षभराच्या परदेशी स्पर्धांसाठी मुली निवडणार होते. येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. बायडाबाईंनी तीनदा विचारलं, आणि अनुजानं तीनदा "बघू, आजी" म्हटलं. बघू हा शब्द बायडाबाईंनी अठरा वर्षं ऐकला होता, गावच्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन असताना, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ नाही असाच निघाला होता.

बुधवारी सचिन एक लांब गुंडाळी घेऊन आला आणि सोफ्याच्या मागं सरकवली.

"काय रं ते?"

"ऑफिसचं आहे, आई. तू दमलीयस, जरा पड."

झालं. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर, अनुजा सरावाला आणि राजश्री दुकानात गेल्यावर बायडाबाईंनी गुंडाळी ओढून काढली आणि दिवाणखान्यात पसरली. फ्लेक्स होता. एका बाजूला अनुजाचा फोटो, बर्फात, डोळ्यांवर चष्मा, तोंडातून वाफ. दुसऱ्या बाजूला मोठी लाल अक्षरं. बायडाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. पुढचं वाचन त्यांनी तिसाव्या वर्षी दूध संस्थेच्या रजिस्टरवर केलं होतं, अंगठा उठवायची लाज वाटली म्हणून. गुडघ्यावर बसून, बोट ठेवून त्या वाचायला लागल्या.

मा. जी. माजी. रा-ष्ट्री-य. राष्ट्रीय. स्की वि-जे-ती. अ-नु-जा.

माजी राष्ट्रीय स्की विजेती अनुजा हिचा सत्कार.

बायडाबाई तिथंच फतकल मारून बसल्या. माजी! पुस्तकातलं माझी नाही, माजी. गावाकडचं, त्यांच्या तोंडातलं. माजं घर, माजी म्हस, माजी नात. इंग्रजीत शिंकणाऱ्या या मुलानं शंभर लोकांपुढं लावायच्या फ्लेक्सावर आईची बोली छापली होती! म्हणून गोड बोलत होता तर. म्हणून लपवत होता. त्यांनी पदरानं फ्लेक्सावरची धूळ पुसली, नसलेलीही पुसली, होता तसा गुंडाळून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गुळाची लापशी रांधली.

रात्रीच्या जेवणात सचिननं वाटीकडं बघितलं. "लापशी? आज काय विशेष?"

"खा गुमान. शाणा हायस तू. मला उगंच वाटायचं बापावर गेलास म्हणून."

सचिननं दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सरकवली. आनंदानंच पोट भरलं असेल, असं बायडाबाईंना वाटलं.

शुक्रवारी सकाळी अनुजा त्यांना गाडीतून वाळूच्या टेकड्यांकडं घेऊन गेली. जानेवारीतली थंडी होती. बायडाबाई स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून घडीच्या खुर्चीवर बसल्या. समोर गावच्या देवळाच्या दुप्पट उंचीची टेकडी. अनुजा साध्या बुटांत, हातात काठ्या घेऊन उड्या मारत वर निघाली. दर पावलाला वाळू तिला अर्धं पाऊल मागं खेचत होती. वर पोचली, खाली आली. परत वर. सहाव्या खेपेला तिच्या श्वासाचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, भात्यासारखा. आठव्या खेपेनंतर ती येऊन आजीच्या पायाशी आडवी झाली.

"आज संध्याकाळी तुजा सत्कार," बायडाबाई म्हणाल्या. त्यांच्या पोटात राहत नव्हतं. "तुज्या बापानं काय छापलंय बघितलंस का? माजी राष्ट्रीय विजेती! माज्या बोलीत!"

अनुजा हसली. मग उठून बसली. "माजी? माजी लिहिलंय? ज?"

"ज. जहाजाचा. मला वाचाया येतंय बरं."

"आजी..." अनुजानं वाळूत काठीनं एक रेघ ओढली. "ते माझी नाही गं. माजी. म्हणजे एक्स. होती, आता नाही."

बायडाबाईंनी मफलर कानावरून खाली ओढला. तो शब्द त्यांना माहीत नव्हता थोडाच! चांगला माहीत होता. दूध संस्थेच्या भिंतीवर पाटी होती, त्यांच्या नावाआधी तोच शब्द रंगवलेला होता. पण माजी म्हणजे पोट सुटलेला आमदार. माजी म्हणजे गुडघे धरून बसलेल्या बायडाबाई. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, आठ वेळा टेकडी चढून आलेली, तिच्या नावाआधी तो शब्द लागेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

आणि सत्कार! आता सगळं एका ओळीत लागलं. अठरा वर्षांनी पंचायतीच्या मांडवात त्यांनाही बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, टाळ्या. आमच्या बायडाबाई, आमच्या माऊली. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत गेल्या तर खुर्चीवर सरपंचाची भावजय बसलेली. "आता तुम्ही आराम करा की, काल झाला ना सत्कार!" त्या शालीत थंडीभर वासरू गुंडाळलं होतं त्यांनी. तेवढाच तिचा उपयोग.

"तुला ठावं हुतं?" त्यांनी विचारलं.

"बाबा म्हणाले नुसता छोटा सत्कार आहे. इथल्या मराठी मंडळाची इच्छा आहे." अनुजा बुटातली वाळू झटकत होती. "त्यांना मी थांबायला हवंय. गेल्या वर्षी युरोपात बहात्तरावी आले ना. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, आपली चॅम्पियन उंटावर बसून गेली असती तर लवकर पोचली असती. सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली. बाबांनी ग्रुप सोडला. तेव्हापासून ते असे गोड झालेत."

"कितीतली बहात्तरावी?"

"एक्याऐंशी."

"म्हंजी नऊ जणी तुज्या मागं हुत्या. त्या कुठल्या देशाच्या?"

अनुजाला हसू फुटलं. "हे कुणी विचारलंच नव्हतं मला."

"त्याच्या आदल्या साली किती येळ लागलेला?"

"चौतीस मिनिटं. गेल्या वर्षी बत्तीस. पहिली येणारी सव्वीसमध्ये येते, आजी. त्या मुली चालायला बर्फावरच शिकतात."

"त्येंचं ऱ्हाऊदे. दोन मिनिटं कमी केलीस. ती कुठनं आणलीस?"

अनुजानं काठीनं समोरची टेकडी दाखवली. वर जाणाऱ्या तिच्या पावलांचे खड्डे वाऱ्यानं अजून बुजले नव्हते.

"थांबायचं ठरवलंस तू?"

"मी काहीच ठरवलं नाही. दमलेय मी."

"पळून?"

"नाही. पळून नाही." ती म्हणाली, "लोकांना सांगून."

"मग सांगू नगंस," बायडाबाई म्हणाल्या आणि खुर्चीतून उठल्या. "चल घरी. आन तुज्याकडं जाड काळ्या शाईचं पेन हाय का? खोक्यावर नावं घालत्यात तसलं?"

संध्याकाळी दोह्यातला हॉल भरला होता. बायका पैठण्या नेसून, पुरुष झब्बे घालून, पोरं खुर्च्यांखालून पळत आणि आपसात इंग्रजी बोलत. मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव अल रय्यानहून शाल, नारळ घेऊन आले होते. नारळ मॉलमधला होता, गुळगुळीत तासलेला, शेंडीचा पत्ता नाही. श्यामरावांनी त्याच्या डोक्यावर झेंडूचं एक प्लास्टिकचं फूल चिकटपट्टीनं लावलं होतं. बायडाबाई पहिल्या रांगेत बसून ते सगळं बघत होत्या.

पोरांनी फ्लेक्स सोडला आणि तो व्यासपीठाच्या मागं उलगडला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. मग हसू पसरलं, पण चेष्टेचं नाही. लाल छापील ओळीत एक अक्षर काळ्या शाईचं होतं. ज वर पांढरा कागद डकवून त्यावर झ काढला होता, जुन्या वळणाचा, भ ला शेपूट लावल्यासारखा, जरा लंगडा, बाकीच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठा. माझी राष्ट्रीय स्की विजेती अनुजा.

"वा, सचिनराव!" श्यामराव म्हणाले. "बापाचं काळीज दिसलं हो!"

सचिनचा चेहरा मात्र फ्लेक्सच्या अक्षरांइतका लाल झाला होता. असा झ आता कुणी काढत नाही. त्यानं तो लहानपणी दुधाच्या रजिस्टरात बघितला होता, दूध घालायला येणाऱ्या झुंबराबाईंच्या नावात, आईच्या हातचा, रोज. त्यानं आईकडं बघितलं. बायडाबाई छताचा पंखा बघत होत्या.

कार्यक्रम सुरू झाला. श्यामरावांनी माईक घेतला. अनुजानं देशाचं नाव कसं गाजवलं ते सांगितलं, तीनदा पहिली आली ते चारदा करून सांगितलं, आणि मग आवाज मऊ केला. "आता अनुजाताई खेळातून विश्रांती घेऊन आयुष्याच्या नव्या वळणावर पाऊल टाकत आहेत. त्यांच्या वडिलांच्या हस्ते, ही मायेची शाल..."

सचिननं शालीची घडी उलगडली. अनुजा मान खाली घालून उभी होती. शाल खांद्याजवळ आली आणि तिनं एक पाऊल मागं घेतलं. सचिन पुढं झाला. ती आणखी एक पाऊल मागं गेली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"बाबा, नको." मग तिनं श्यामरावांच्या हातातला माईक घेतला. "सॉरी काका. थोडी चूक झालीय. मी विश्रांती वगैरे घेत नाहीये. सिलेक्शनला येते म्हणून मी दुपारीच कळवलंय. रविवारी फ्लाइट आहे. आणि मी तीनदाच पहिली आलेय, चारदा नाही. चौथ्यांदा यायचंय अजून."

माईक स्टँडला लावून ती पायऱ्या उतरून खाली आली. पोरं खुर्च्यांखालून बाहेर आली होती. कुणीतरी "यल्ला, चॅम्पियन!" असं ओरडलं, आणि हॉल टाळ्यांनी भरला. राजश्री उभी राहून डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती.

व्यासपीठावर सचिन तसाच उभा राहिला, हातावर उघडी शाल घेऊन. बायडाबाई गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढल्या. श्यामरावांनी आधार द्यायला हात पुढं केला. बायडाबाईंनी टेबलावरचा नारळ उचलून त्यांच्याच हातांत ठेवला.

"आई, हे तू केलंस," सचिन दातांतल्या दातांत म्हणाला. गोडवा पार उतरला होता. तोच तिरका सचिन परत आला होता, आणि बायडाबाईंना बरं वाटलं. "चारचौघांत माझी शोभा केलीस. तुला काय माहीत गं? तू कधी बघितलंयस? रात्रभर जागून मी मोबाइलवर बघत असतो. पहिली येणारी मुलगी पदक घेऊन, कपडे बदलून, मुलाखत देऊन मोकळी होते. आणि माझी अजून येतच असते. कॅमेरासुद्धा तिच्यासाठी थांबत नाही. मला बघवत नाही, आई. कुठवर बघू?"

बायडाबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. केस पांढरे झाले होते त्याचे. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पोराचं पाणी खरं असलं म्हणून त्याचा हिशेब बरोबर असतो असं नाही, हे त्या गणिताच्या निकालापासून ओळखून होत्या.

त्यांनी त्याच्या हातातली शाल घेतली, झटकली आणि त्याच्याच खांद्यांवर घातली. दोन्ही टोकं पुढं ओढून छातीवर नीट बसवली, लहानपणी आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळायच्या तशी. माईक चालू होता. तो बंद करायचं श्यामरावांना सुचलं नाही, कारण त्यांच्या दोन्ही हातांत नारळ होता.

"सचिन, ऐक," बायडाबाई म्हणाल्या, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "दमलास तू. मग थांब तू. तुला बघवंना तर बघू नगंस, कुणी जबरदस्ती केलीया? आजपातूर लय बघितलंस, म्हणून ही शाल तुला शोभती. आता घरी बसून आराम कर, आन रविवारी तिला इमानतळावर सोडाया मात्र तूच जायाचं, तोंड सरळ ठिवून. ती कितवी येती ते तिचं ती बघंल. तू फकस्त ध्येनात ठेव." त्यांनी फ्लेक्सवरच्या काळ्या अक्षराकडं बोट केलं, आणि जन्मात पहिल्यांदा, जीभ नीट टेकवून, झबल्याचा झ म्हटला. "माजी तू. पोरगी माझी."